डाव्या बाजूचा लाइट

मोबाइलचा लाइट बंद करा पोट्टेहो. जेवनं झाले, आता अंधारात बसाले काय होते? सांगतो. पन एक आधी सांगून ठेवतो. आपल्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या हायेत. आपन भूत-प्रेत मानत नाई. मी बी मानत नाई, अन् ज्याच्यासंगं हे झालं तो अनुप बी मानत नाई. अनुप म्हंजे माह्या बहिनीचा पोरगा. वाशीमले रिसोड रोडवर गाड्यायच्या वायरिंगचं दुकान हाये त्याचं. खोटं बोलाची त्याले सवयच नाई. म्हनून तं हे मले अजून जड जाते.

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. दुपारी अनुपले वीरेंद्रचा फोन आला. रिठदच्या अलीकडे एका फाट्यावरून आत तांडा हाये, तिथला हा वीरेंद्र. लग्नायले जनरेटर पुरवते. त्यानं नवी गाडी घेतली होती, अन् जनरेटर ठेवासाठी दोन चाकाचा ट्रेलर बनवून घेतला होता, गाडीच्या मागे जोडाचा.

"अनुपभाऊ, ट्रेलरचे एलईडी लाइट लुकलुक करून राह्यले," तो म्हने. "उद्या सकाळी सहाले कारंज्याले निघाचं हाये. संध्याकाळी येऊन जा ना."

अनुपले हा रोग माहीत होता. नव्या गाडीत वायर कमी अन् डोकं जास्त. मागचा बल्ब शाबूत हाये का उडाला, हे पाहासाठी गाडी आपल्या मनानं वायरीतून बारीक बारीक झटके सोडत राह्यते. जुन्या बल्बले त्याचं काई वाटत नाई, त्याची तार तापेपर्यंत झटका संपून जाते. एलईडी हलकी. तेवढ्याशा करंटवर बी चमकते. अनुप मले म्हने, "मामा, गाडी विचारते, हायेस का? अन् एलईडी दरवेळी सांगते, हाये, हाये." मंग तिच्यासंगं एक रेझिस्टर जोडाचा. गाडीले वाटते खरा बल्ब हाये. लुकलुक बंद.

अर्ध्या तासाचं काम.

सव्वासहाले तो तांड्यावर पोचला. अंधार पडला होता, थंडी बी होती. फाट्यापासून मुरमाचा रस्ता येते, तांड्यावरून तसाच पुढच्या गावाले जाते. त्या रस्त्याच्या मधोमध गाडी उभी. गाडीचं तोंड गावाकडे, ट्रेलरची पाठ फाट्याकडे. बाजूलेच वीरेंद्रचं घर. अंगनात बाजेवर त्याचा बाप, गोविंदसिंग, घोंगडी पांघरून बसला होता. पंचाहत्तरच्या पुढचा म्हातारा. वीरेंद्रची बायको संगीता चहा घेऊन आली.

ट्रेलर नवा, पन त्याच्या मागचा फाळका, म्हंजे मागून आडवा लावतात तो पत्र्याचा दरवाजा, जुना होता. घरी ट्रॅक्टरची मोडकी ट्रॉली पडली होती. वेल्डिंगवाल्यानं तिचाच फाळका कापून मागे बसवला, अन् दोन्ही लाइट त्याच्यावर लावले. अनुपनं आधी अर्थिंग तपासलं. गंज घासला. दोन्ही बाजूले रेझिस्टर जोडले, ते तापतात म्हनून पत्र्यालेच कसले. वीरेंद्रनं गाडी चालू केली. उजवा, डावा, दोन्ही लाइट एकदम शांत. ब्रेक दाबला, बरोबर. इंडिकेटर दिला, बरोबर.

"झालं," अनुप म्हने. वीरेंद्रनं गाडी बंद केली. अनुप पाने-पक्कड पिशवीत भरू लागला. तवा सात वाजून वीस मिनिटं झाले होते.

डावा लाइट दोनदा चमकला.

थांबला.

पुन्हा दोनदा.

"गाडी बंद केली ना तू?"

"चावी माह्या हातात हाये."

अनुपनं ट्रेलरचा प्लग गाडीतून उपसला. आता ट्रेलरचं गाडीशी काई नातं उरलं नव्हतं, नुसता लोखंडाचा हूक. लाइट दोनदा चमकला. थांबला. पुन्हा दोनदा.

अनुप म्हने, मामा, तवा मले भेव नाई वाटलं. मले राग आला. माह्या कामात चूक कुठं राह्यली, येवढंच डोक्यात होतं. त्यानं दोन्ही स्क्रू काढले. पक्कडीनं वायरी कापल्या. लाइट हातात घेतला. तीन कापलेल्या वायरी खाली लोंबून राह्यल्या होत्या...

तो हातात दोनदा चमकला.

वीरेंद्र दोन पावलं मागे सरला. संगीतानं कप खाली ठेवला.

तेवढ्यात फाट्याकून एक उजेड आत वळला. मोटरसायकलचा. पिवळा, जुन्या बल्बचा. रस्ता तिथून सरळ हाये, अर्धा किलोमीटर. उजेड थोडा पुढे आला अन् थांबला. अनुपच्या हातातला लाइट दोनदा चमकला. तिकडे उजेड दोनदा खाली-वर झाला.

पुन्हा थोडा पुढे आला. थांबला.

इंजनाचा आवाज नव्हता.

"वीरेंद्र," बाजेवरून म्हातारा बोलला. "रस्त्यावर कोन हाये रे?"

म्हाताऱ्यानं घोंगडी बाजूले सारली.

"मोटरसायकल हाये का?"

"हो, बाबा."

"थांबत थांबत येऊन राह्यली का?"

वीरेंद्रनं बापाकडे पायलं. बाजेवरून रस्ता दिसत नव्हता, मधात गोठ्याची भिंत होती. "तुमाले कसं माहीत?"

म्हातारा उठला. अकरा वर्षं झाले, दिवस बुडल्यावर तो त्या रस्त्यावर पाय ठेवत नव्हता. घरच्यायले वाटे, डोळे गेले म्हनून. तो भिंत धरत धरत आला. ट्रेलरच्या फाळक्यावर हात ठेवला. बोटानं चाचपला. मंग हात काढून घेतला.

"हा आपल्या ट्रॉलीचा हाये?"

"हो. पडलाच होता म्हनून..."

म्हातारा खाली बसला. तिथंच, फुफाट्यात. अन् सांगू लागला. अनुपकडे नाई, पोराकडे नाई, खाली जमिनीकडे पाहून.

"भरलेली ट्रॉली होती. इथंच पंक्चर झाली. मी तिले तशीच उभी केली अन् जॅक आनाले घरी आलो. मागे लाइट नव्हता. दगड लावला नाई. फांदी टाकली नाई. म्हनलो, पाच मिनिटाचं काम हाये, येवढ्यात कोन येते..."

आला तो हरीओम होता. पुढच्या गावचा पोरगा. वाशीमले मेडिकलच्या दुकानात काम करे, अन् रोज साडेसातले याच रस्त्यानं घरी जाये. सरळ फाळक्यावर आदळला. जागीच गेला.

"जबानीत मी सांगतलं, मागे लाल लाइट चालू होता," गोविंदसिंग म्हने. "मंग लोक म्हनाले लागले, पोरगा दारू पेलेला असन. येवढा लाल लाइट दिसला नाई म्हंजे पेलेलाच असन. त्याच्या मायसमोर म्हनले. मी तिथंच उभा होतो. गप राह्यलो."

वीरेंद्रनं हे पहिल्यांदा ऐकलं. तो तवा बारावीत होता. बाप सांगते तेच खरं धरून चालला होता.

उजेड आता पन्नास पावलांवर होता.

"दे," म्हाताऱ्यानं हात पुढे केला. अनुपनं लाइट दिला. देताना त्याच्या बोटाले लागला... गार होता. बर्फावानी.

"बाबा, नका जाऊ."

म्हातारा ट्रेलरच्या मागे जाऊन रस्त्याच्या मधात उभा राह्यला. लाइट छातीसमोर धरून.

उजेड आला. वीस पावलं. दहा. थांबला.

उजेडाच्या मागे काई दिसत नव्हतं. ना हँडल, ना मानूस. नुसता पिवळा गोळा, अन् त्याच्यात म्हातारा उभा.

हातातला लाइट चमकायचा बंद झाला.

तांड्यातला एक कुत्रा बी भुंकला नाई.

"नव्हता," म्हातारा म्हने.

थांबला. जसं कोनाचं आयकून राह्यला.

"नाई... तुही चूक नाई."

पुन्हा कान लावला. लय वेळ.

"नाई रे बापू. आता पुढे काई उभं नाई." म्हाताऱ्यानं लाइट खाली केला. "जाय तू. घरी जाय."

उजेड गेला.

मिटला नाई, पोट्टेहो. पुढे आला अन् मंग दिसेना झाला. अनुपचा हात त्या वेळी फाळक्यावर होता. तो म्हने, पत्रा थरथरला. एक क्षन. मंग गाडीचा पत्रा बी वाजला. अन् मंग काईच नाई.

त्या रात्री गाडी कोनी हालवली नाई. हातच लावला नाई. वीरेंद्रनं कारंज्याच्या लग्नाले दुसऱ्या मानसाचा जनरेटर पाठवाले सांगतला. अनुप वाशीमले आला नाई. चौघं बी चुलीजवळ बसून राह्यले. म्हातारा येवढंच बोलला, "सकाळी मले चंदाबाईकडे न्या." चंदाबाई म्हंजे हरीओमची माय.

साडेसहाले उजाडलं. म्हाताऱ्यानं आंघोळ केली, धुतलेला पटका बांधला, काठी घेतली. सगळे बाहेर आले अन् रस्त्यावर थबकले.

फुफाट्यात चाकाचा माग होता. मोटरसायकलचा, एकच रेघ. फाट्याकून सरळ येत होता, ट्रेलरच्या फाळक्यापर्यंत. तिथं ट्रेलरच्या खाली घुसला होता. वीरेंद्रनं वाकून पायलं. गाडीच्या खालूनही तसाच गेलता. अन् गाडीच्या तोंडापुढून निघून, वाकडा न होता, गावाकडे.

चौघं पायीच निघाले, त्या मागाच्या बाजूनं. कोनी त्याच्यावर पाय दिला नाई.

चंदाबाई दारात बसली होती. हातात झाडू, पन अंगन झाडलेलं नव्हतं. गोविंदसिंगनं पटका काढून हातात घेतला अन् उभ्या उभ्या सगळं सांगतलं. काई लपवलं नाई. तो थांबल्यावर तिनं इचारलं,

"लाइट नव्हता?"

"नव्हता, बाई."

"माहा पोरगा पेलेला नव्हता?"

"नाई. मी खोटं बोललो."

तिनं मान हालवली. रडली नाई, शिव्या दिल्या नाई. येवढंच म्हने, "रातच्याले साडेसातच्या सुमाराले गाडी दारात थांबल्यावानी वाटलं. मी उठून दार उघडलं." अन् तिनं झाडूनं समोर दाखवलं.

अनुपनं खाली पायलं. चाकाचा माग फाटकातून अंगनात आला होता, थेट उंबऱ्यापर्यंत. तिथं मातीत साइड स्टँडचा एक खड्डा होता, बोटभर खोल, जशी गाडी आत्ताच स्टँडवर लावली.

फाटकातून बाहेर जानारा माग मात्र नव्हता.