मागच्या खोलीतला काळा पट्टा

ही गोष्ट माझ्या धाकट्या मावशीची. तिच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा तिच्यात तसूभरही फरक पडला नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. लिहू का, असं विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "लिही. पण मला चांगली बाई म्हणून रंगवू नकोस."

हे सगळं घडलं ते दिवसाढवळ्या. एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत.

मावशी इस्पितळाच्या धुलाईखात्यात सकाळच्या पाळीला होती. दोनला सुटायची. तिने आणि काकांनी वरचा मजला नुकताच विकत घेतला होता. खाली मास्तर राहायचे. घर मूळचं त्यांचंच. ऐंशीच्या घरातले, एकटे, अतिशय सभ्य. गुडघे गेल्यामुळे जिना चढणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

वरच्या सगळ्या खोल्यांना सागवानी फळ्यांची जमीन होती. तिच्यावर जाड, काळपट व्हार्निश. मावशीच्या मनात आलं, हे खरवडून खालचं लाकूड मोकळं करावं. आयुष्यात असलं काम कधी केलं नव्हतं. पण एकदा मनात घेतलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

काका मात्र पहिल्याच दिवशी शिंकून शिंकून बेजार झाले. "तुझा भुसा खाली बसला की बोलव," म्हणाले आणि जुन्या खोलीवर निघून गेले.

म्हणून मावशी एकटीच होती.

घासायचं मशीन भाड्याने आणलं होतं. देणाऱ्या सुताराने बजावलं होतं, "ताई, मशीन एका जागी उभं ठेवू नका, खड्डा पडेल. आधी जाड पेपर, मग बारीक. घाई नको."

पुढच्या दोन खोल्या लोण्यासारख्या निघाल्या. काळं गेलं आणि खालून मधासारखं लाकूड वर आलं. मावशी इतकी खूश, की भुशाने पांढऱ्या झालेल्या स्वतःला आरशात बघून हसत सुटली.

मग मागची खोली लागली.

तिथे सगळीकडचं व्हार्निश निघालं... पण एक पट्टा काही केल्या निघेना.

वीतभर रुंद. काळा. भिंतीपासून निघून खिडकीखालून जाणारा, तिथून वळून दाराकडे येणारा आणि परत भिंतीला मिळणारा. अर्धगोल. कंपासने काढावा तसा.

मावशीने गुडघे टेकून हात फिरवला. तिथे लाकूड खोल गेलं होतं. मशीन उंच भाग घासत होतं, खोलगट भागातलं व्हार्निश तसंच राहत होतं. कारण साधंच होतं.

पण लाकूड झिजलं कशाने? आणि असं गोल?

पट्टा दारापाशी यायचा... आणि हातभर अलीकडे वळायचा.

त्या दिवशी तिने काम तिथेच थांबवलं. झाडलंही नाही. खोलीभर पिठासारखा भुसा पसरला होता. तशीच कुलूप लावून काकांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप काढलं.

भुसा होता तसाच होता. खिडकी बंद. वारा नाही.

फक्त त्या पट्ट्यावर... भुशाचा एक कणही नव्हता.

"उंदीर असतील गं," काका फोनवर म्हणाले.

"उंदीर गोल झाडतात का?"



मावशीने मशीन सुरू केलं. कानठळ्या बसवणारा आवाज. अर्ध्या तासाने पेपर बदलायला बंद केलं.

मशीन थांबलं... पण आवाज थांबला नाही.

सर्र... सर्र... सर्र...

अनवाणी पाय घासत कुणी चालावं तसा. खिडकीकडून दाराकडे. मग क्षणभर शांतता. मग दाराकडून परत.

मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खोलीत लख्ख ऊन. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण आवाज तिच्यापासून दोन हातांवरून गेला, आणि त्याच्याबरोबर मळक्या कपड्यांचा वास. चादरी धुण्यात वीस वर्षं घालवलेली बाई ती. आजारी माणसाच्या कपड्यांचा वास तिला कळतो. हा तो नव्हता. ज्याला कुणी कपडे बदलूच देत नाही, अशा माणसाचा होता.

ती जिना उतरून थेट रस्त्यात आली.

समोर एका बाईचं शिवणाचं दुकान होतं. तिने मावशीला बसवलं, पाणी दिलं. काय झालं ते मावशीने सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "आमच्या आधी वर कोण राहायचं हो?"

"कुणीच नाही. मास्तरांनी वर कुलूपच ठेवलेलं. बायको सोडून गेली ना त्यांची, तेव्हापासून." शिवणवालीने दोरा दातांनी तोडला. "ऐन तारुण्यात. पळून गेली म्हणतात कुणाबरोबर. आमच्या आईच्या वेळची गोष्ट. मास्तरांनी दुसरं लग्नसुद्धा केलं नाही बिचाऱ्यांनी. देवमाणूस."

मावशी परतली तेव्हा मास्तर खालच्या दारात उभे होते.

"बाई, रात्री वर कोण चालतं?"

"रात्री कुणीच नसतं, मास्तर. मी सहालाच कुलूप लावून जाते."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. काठी टेकत, एकेका पायरीवर दम खात, ते जिना चढू लागले. मावशी मागोमाग गेली. मागच्या खोलीच्या दारात ते थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

पट्टा बघितला.

"हे कुणी सांगितलं होतं उकरायला?" त्यांचा आवाजच बदलला होता. "मी व्हार्निशचे दोन हात दिले होते. स्वतः."

"मास्तर, कोण चालायचं इथे?"



"माहेरी जाते म्हणायची. सारखी. डोकं फिरलं होतं तिचं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"लोक काय म्हणाले असते?" मग, आपणच आपली बाजू मांडावी तसं, हळूच म्हणाले, "दोरी लांब होती. खिडकीपर्यंत पोचायची."



"किती दिवस?"

"सहा वर्षं."

"आणि मग?"

"मग काही नाही. एक दिवस चालायची थांबली."

मास्तरांनी खिडकीतून मागच्या अंगणाकडे पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली.

"पुट्टी भरून सपाट करा ते," जाताना म्हणाले. "उद्याच्या उद्या. आणि बाई, तोंड उघडू नका. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

काठी टकटक करत खाली गेली. खालचं दार लागलं.

मावशी तिथेच बसून राहिली. भीती होती, पण भीतीहून संताप मोठा होता. सहा वर्षं! आणि गावभर हा देवमाणूस, ती पळून गेलेली.

सर्र... सर्र...

आवाज आला. खिडकीखालून गेला. दाराच्या हातभर अलीकडे थांबला, वळला. पण या वेळी पट्ट्यावरून पुढे गेला नाही. अर्धगोलाच्या मधोमध, भिंतीलगत आला.

आणि तिथे... टक्. टक्. टक्.

नखाने लाकडावर वाजवावं तसं.

मावशी रांगत गेली. तिथे फळीत एक गोल ठिगळ होतं, बाटलीच्या बुचाएवढं, वेगळ्या लाकडाचं. आधी व्हार्निशखाली आणि मग भुशाखाली ते दिसलंच नव्हतं. तिने पटाशी लावली, हातोडी मारली. बूच उडालं. खाली गंजलेल्या लोखंडी कडीचा तुटका दांडा होता, तुळईत खोल ठोकलेला.

"थांब हं," मावशी म्हणाली. कुणाला, ते तिचं तिला माहीत.

पक्कड घेतली. दांडा हलेना. दोन्ही पाय भिंतीला लावून तिने हिसका मारला. हाताची सालपटं निघाली.

दांडा सुटला.

खोली एकदम गप्प झाली. रस्त्यावरचा आवाजही येईना.

मग पावलं वाजली. घासत नाही, उचलून टाकलेली. पट्ट्यावरून नाही... सरळ. भिंतीपासून थेट दाराकडे.

ते शेवटचं हातभर अंतर त्या पावलांनी ओलांडलं.

लोटलेलं दार उघडलं. जिन्याची एकेक पायरी करकरली.

ती कुठे निघाली होती, हे मावशीला कळलं होतं. एक हाक मारली असती तरी खाली ऐकू गेली असती. मास्तर निदान अंगणात तरी पळाले असते.

मावशीने हाक मारली नाही.

खालून मास्तरांचा आवाज आला, "कोण?"

मग, अगदी लहान होऊन, "अगं, खिडकीपर्यंत पोचायची की दोरी..."

पुढे शब्द नाही. किंकाळी नाही.

मग थोड्या वेळाने... सर्र... सर्र...

आता खालून.

तासाभराने मावशी खाली गेली. मास्तरांची काठी जमिनीवर पडली होती. गुडघे गेलेला तो म्हातारा अनवाणी चालत होता. खिडकीकडून दाराकडे. दार सताड उघडं. हातभर अंतरावर आला की कुणी मागून ओढावं तसा कंबरेत हिसका बसायचा आणि तो वळायचा.

"बाई, सोडवा ना," तो म्हणाला.

कंबरेला काहीच नव्हतं.

मावशीने पुतण्याला कळवलं. मास्तरांचा तो एकच नातेवाईक. चौघांनी खुर्चीत घालून बाहेर काढायचा प्रयत्न केला. दाराजवळ नेताच मास्तरांचा श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले, सदऱ्याखाली कंबरेभोवती लाल वळ उठला. परत आत आणताच श्वास चालू. डॉक्टर घरी आले आणि मान हलवून गेले. मावशीने पोलिसांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी तिलाच वेड्यात काढलं. मग अंगण खणलं. काय निघालं ते ती सांगत नाही. त्यानंतर पोलिसांनीही मास्तरांना उचलून पाहिलं. तीच गत. शेवटी दारात शिपाई बसवला, तोही आठवडाभराने उठला. पळून जाणार कुठे?

पुतण्याने तोंड फिरवलं. काका म्हणाले, "कसाही असला तरी माणूस आहे. उपाशी कसा ठेवायचा?"

म्हणून रोज पाळी संपली की मावशी मास्तरांना ताट न्यायची. आत सरकवून द्यायची. ते चालता चालताच खायचे. 

असे तीन महिने गेले.

एक दिवस तिने ताट नेलं आणि दाराच्या बाहेर ठेवलं.

मास्तर आले. हिसका बसला. खाली बसले, पालथे पडले, हात लांबवला. बोटांच्या आणि ताटाच्या मध्ये हातभर जागा होती.

"बाई, जरा इकडे," ते म्हणाले. "बाई..."

मावशी उभी राहिली. भाताची वाफ विरेपर्यंत. मग वर जाऊन तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी मास्तर तसेच सापडले, हात लांबवलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं.

सगळ्यांना मावशीने हेच सांगितलं आहे, की ती ताट सरकवायला वाकली होती, पण कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं. बर्फासारख्या हाताने. काकांचा यावर पूर्ण विश्वास आहे. माझाही होता.

मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, त्या हाताची खूण राहिली का गं मनगटावर?

मावशीने बाही वर करून मनगट दाखवलं. गोरंपान, स्वच्छ.

"कुणी धरलंच नव्हतं रे," ती म्हणाली. "खोलीत दुसरं कुणी नव्हतंच त्या दिवशी. ती तर कधीच निघून गेली होती."