पुडीचं निमित्त

नरसिंग आमच्याकडे यायला निघालाच नव्हता. शिरड शहापूरला जाताना कुरुंद्यात त्याची सायकल पंक्चर झाली, आणि सावली शोधत तो आमच्या कोंबड्यांच्या शेडपाशी आला. मी जाळीवर ओली पोती टाकत होते. त्यातलं एक नेमकं त्याच्या अंगावर पडलं.

"अहो, मी कोंबडी न्हाई!"

"मग जाळीपाशी काहून उभे?"

तो हसला... पण आत डोकावताच त्याचं हसू मावळलं. आमच्या पांढऱ्या इंग्लिश कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. "या उन्हाळ्यात तगल्या न्हाईत, तर शेड मोडून तिथं हळद भरीन," असं माझ्या वडिलांनी, आबांनी बजावलं होतं. आणि त्या घरात माझी म्हणावी अशी ती शेडच तेवढी होती.

नरसिंग वसमतला कुक्कुटपालनाच्या कचेरीत नोकरीला होता. "दुपारी दाणा टाकू नका," तो म्हणाला, "खाल्लं की आंग आणखी तापतं." मग त्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढून कोंबड्यांच्या पाण्यात सोडली. पाणी पिवळं झालं.

"हळद हाय व्हय?"

"कुरुंद्याच्या पोरीला हळद वळखू येत न्हाई? जीवनसत्त्वं हायेत. उन्हात ताकद राहती."

"कुणाची? कोंबड्यांची, का तुमची?"

तेव्हापासून तो दर सोमवारी येऊ लागला. आठवड्यापुरती एकच पुडी आणायचा, आणि ती उकलायला त्याला फार वेळ लागायचा. बोटाला बोट लागलं की तो पाण्याकडेच बघत राहायचा... खोटं कशाला बोलू, मला सोमवार आवडू लागला होता.

एका सोमवारी तो आला नाही. पुडी संपलेली, वैशाखाचं ऊन नुसतं पेटलेलं. पोती भिजवून भिजवून माझे हात गळाले, तरी कितीतरी कोंबड्यांनी माना टाकल्या. आबांनी खड्डा खणला. मीच एकेक पाखरू उचलून त्यात ठेवलं.

पुढच्या सोमवारी तो आला. हातात पत्र्याचा मोठा डबा.

"कळमनुरीला धाडलं होतं मला," तो खाली मान घालून म्हणाला. "चांगुणाबाई, हा जीवनसत्त्वांचा डबा कचेरीत तुमच्यासाठीच आला होता. कवाच. सारा उन्हाळा पुरला असता."

"मग पुड्या काहून आणून राहिला होता?"

"डबा दिला असता तर... पुन्हा यायला निमित्त काय राहिलं असतं?"

हेच ऐकायला मी आसुसले होते! आणि ऐकलं तेव्हा खड्ड्यावरची माती अजून ताजी होती. नुसत्या पुडीनं त्या जगल्याच असत्या असं नाही, हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं. पण तो तसं म्हणाला नाही. "चुकलं माझं," एवढंच बोलला.

"डबा ठिवा तिथं," मी म्हणाले. "तुमचं निमित्त माझ्या पाखरांच्या जिवावर बेतलं. आता निमित्ताबिगर येऊन दाखवा. न्हाई जमलं, तर... येऊच नका."

उरलेल्या कोंबड्या तगल्या. आबांनी शेड मोडायचं नाव काढलं नाही. पण पुढचा सोमवार कोरडाच गेला. मीच त्याला हाकललं, आणि मीच रस्त्याकडे डोळे लावून बसले.

बुधवारी आबा अंगणात बाजेवर बसले होते, तेव्हा तो आला. हात रिकामे. त्या हातांचं काय करावं हेच त्याला सुचत नव्हतं.

"काय काम काढलं, साहेब?" आबांनी विचारलं. "कोंबड्या तर बऱ्या हायेत."

"कोंबड्यांचं काम न्हाई," घाम पुसत तो म्हणाला. "मी... चांगुणाला भेटायला आलो."

आबांनी त्याला न्याहाळलं, मग मला. मग बाजेवर जरा सरकून जागा केली.

"बस बाबा," ते म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत.