दोन आकडे, एक जोडसायकल

कोलोनहून कॉन्स्टान्झला निघालेल्या गाडीत तिकीट तपासणाऱ्या बाईंनी मारेइकेचा मोबाइल हातात घेतला आणि अख्खा डबा श्वास रोखून बसला... चाकंसुद्धा दबकत फिरू लागली म्हणे!

"सायकलीचं आरक्षण फक्त येतानाचं आहे. जातानाचं कुठाय?"

मारेइकेने डोळे फाडून पाहिलं. खरंच की! ऑनलाइन तिकीट काढताना येण्याच्या रकान्यात सायकल घातली होती, जाण्याच्या रकान्यात नुसती ती स्वतः.

"पुढच्या स्टेशनवर उतरवा सायकल."

"अहो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा आज पहिल्यांदा सायकलवर बसणार... कॉन्स्टान्झच्या सरोवराची फेरी माझ्याबरोबरच करायची म्हणून स्टेशनवर उभे असतील!"

"सगळ्यांचेच बाबा कुठे ना कुठे उभे असतात."

"सायकल टांगायचे दोन आकडे आहेत माझ्या तिकिटावर, दुसऱ्याला टांगा ना यांची," मागून आवाज आला. मागच्या सीटवरचा अनोळखी तरुण, टिल्मन. इतका उंच, की बोलताना ढगांना बाजूला सारत असावा.

"एकट्याला दोन आकडे कशाला?" बाईंनी विचारलं.

"दोघांनी मागेपुढे बसून चालवायच्या जोडसायकलीला दोन जागा लागतात. ऐन वेळी बहीण म्हणाली, तुझी पाठ बघत सुट्टी घालवणार नाही. मग साधी सायकल आणली."

"तिकीट जोडसायकलीचं. या तर दोन सुट्या."

टिल्मनने कमरेचा पट्टा काढला, दोन्ही सायकली आवळून बांधल्या. "झाली जोड!"

बाई अशा हसल्या, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "पँट सांभाळा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

काळ्या अरण्यातले, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांतले बोगदे लागले. अंधारात खिडकीच्या काचेत दोघांची नजर भेटायची — उजेड आला की पळायची.

"थँक्यू हं... खरंच."

"प्रत्येक बोगद्यानंतर आभार मानताय. या वाटेवर बोगदे फार आहेत."

"कंटाळलात?"

"छे! कमीच पडतील, अशी भीती वाटतेय." त्याने ब्रेत्झेल, वेढ्याचा खारा पाव, मोडून मोठा तुकडा तिला दिला.

कॉन्स्टान्झला बाबा हेल्मेट घालूनच उभे होते. तिला पाहून त्यांचे डोळे भरले, तिचेही.

टिल्मन पट्टा कमरेला बांधत म्हणाला, "मीही सरोवराची फेरीच करणार, पण उलट्या बाजूने. अर्ध्यावर भेटूच."

"म्हणजे परवा?"

"हं... परवा."

मारेइकेने बाबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आभार सगळे मानून झाले," ती हळूच म्हणाली. "आता खरं सांगते — परवापर्यंत मला दम निघणार नाही. आमच्या बाजूने चला ना..."

टिल्मनने तिथल्या तिथे सायकल वळवली.