दारावरची चिकटपट्टी

शनिवारी सकाळी ऐलाने नवा राउटर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. तिथून सिग्नल अंगणापलीकडच्या सॉनाघरापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, जायचा आणि सॉनाघराच्या अँटेनावरून पुढे सरोवरावर. अँटेना तिच्या बाबांनी, ओन्नीने, बसवली होती. या किनाऱ्यावर मोबाइलचा टॉवर पोचत नाही. फोन लागतो तो घरच्या वायफायवरच. बर्फावरच्या मासेमारीच्या खोपटातूनही घरी बोलता यावं, म्हणून त्यांचा हा खटाटोप.

एप्रिल लागला होता. बर्फ किनाऱ्यापासून सुटला होता, आणि त्याचे तुकडे एकमेकांवर घासल्याचा आवाज दिवसभर घरात येत होता.

गेल्या महिन्यात आई सॉनाच्या पायरीवर घसरली आणि दोन तास तशीच पडून राहिली. उद्या ऐला मिनियापोलिसला परतणार होती. त्याआधी आईच्या गळ्यातलं मदतीचं बटण वायफायला जोडणं भाग होतं. जानेवारीपासून या घरात काहीच जोडलेलं नव्हतं.

जानेवारीत पासवर्ड ऐलानेच बदलला होता. दर शनिवारी सॉनाला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी बाबा पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून सॉनाच्या दाराला लावायचे. ऐलाची नोकरी लोकांची नेटवर्क सुरक्षित ठेवण्याची; तिला ते बघवत नसे. एका शनिवारी दुपारी एक वाजता तिने मिनियापोलिसमधल्या घरात बसून तो बदलला आणि आईबाबांना निरोप पाठवला. निरोप वाचायलाही तेच वायफाय लागणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही. दीडच्या सुमाराला बाबांच्या खोपटाखालचा बर्फ फुटला. बाबांचा देह दुसऱ्या दिवशी सापडला. फोन तळाशीच राहिला.

जुन्या राउटरमध्ये त्या दुपारची नोंद होती. ऐलाने ती न वाचता पुसून टाकली. आईनेही कधी काही विचारलं नाही.

"जुनंच नाव दे, जुनाच पासवर्ड," आई म्हणाली. "सगळं आपोआप जोडलं जाईल."

ते खरं होतं. घरात वायफायवर चालणाऱ्या अकरा वस्तू होत्या, आणि निम्म्यांना नवा पासवर्ड टाकायला बटणंसुद्धा नव्हती. शेजारचे वाइनोकाका सॉनासाठी लाकडं घेऊन आले होते. त्यांनीही री ओढली. "तुझ्या बापाचा पासवर्ड अख्ख्या रस्त्याला पाठ आहे, पोरी. चोर आला असता तरी ओन्नीने त्याला आधी टॉवेल दिला असता."

ऐला हसली. आजच्यापुरतं, असं स्वतःला बजावत तिने जुनं नाव आणि जुना पासवर्ड टाकला. एकेक वस्तू परत येऊ लागली. आईचा फोन. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा थर्मोस्टॅट. फाटकाचा कॅमेरा. साडेअकरापर्यंत अकराही आल्या.

मग बारावी आली. यादीत नाव होतं 'ओन्नी'. सिग्नल अगदी क्षीण.

प्रत्येक फोनला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. बाबांच्या फोनचं खोकं अजून खणात होतं. ऐलाने क्रमांक दोनदा ताडून पाहिला. मग कुणाला न सांगता सॉनाघरात जाऊन अँटेनाची वायर काढली. परत येऊन पाहिलं, तर सिग्नल वाढला होता.

वाइनोकाका जेवायला घरी गेले. आईने सॉना पेटवला. ती टॉवेल घेऊन गेली तेव्हा ऐलाने मोजले. तीन होते.

"काका येणारेत का परत?"

"नाही. पाठ दुखतेय म्हणाला."

एक वाजता सिग्नल निम्म्यावर आला. ऐलाने पासवर्ड बदलला. यादी रिकामी झाली. तिने आईचा फोन आणि गळ्यातलं बटण नव्याने जोडलं.

आई दारात उभी होती.

"तेव्हाही असंच केलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. जणू भाजीत मीठ कमी आहे, एवढंच सांगत होती.

ऐलाने राउटरची नोंद उघडली.

१:३१. ओन्नी. चुकीचा पासवर्ड. नाकारले.

१:३२. ओन्नी. चुकीचा पासवर्ड. नाकारले.

१:३३.

दर मिनिटाला एक ओळ. जानेवारीत पुसलेलं पान आता तिच्यासमोर ओळीओळीने भरत होतं.

१:४० पर्यंत ती पाहत राहिली. मग खणातून चिकटपट्टी काढली. नवा पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहिला, बाबा लिहायचे तसा. ती अंगणातून सॉनाघरापर्यंत गेली, सरोवराच्या बाजूच्या दारावर पट्टी दाबून बसवली आणि मागे न बघता परतली.

बर्फाचा आवाज थांबला होता.

१:४४. ओन्नी. स्वीकारले.

सिग्नल पूर्ण.

टेबलावर आईचा फोन वाजला. आईने तो सावकाश उचलला, कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. मान हलवली.

"हो. इथेच आहे. देते."

तिने फोन ऐलापुढे धरला. फोन कोरडा होता. आईच्या कानातून मात्र पाणी मानेवर ओघळत होतं, आणि ते ती टॉवेलाने टिपत होती, सवयीचं असल्यासारखं.