पाणरेषा आणि हातरेषा

बटणं भिंतीवर किती उंचीला बसवावीत, हा काही जगबुडीचा विषय नव्हे, असं इमारत-नियम प्रयोगशाळेत सगळ्यांनाच वाटत होतं. जगबुडी दाराशी येऊन ठेपली होती, तरी वाटत होतं. धन्य त्या लोकांची!

सागरपाडा ही खाडीत भराव टाकून वसवलेली बैठ्या घरांची वसाहत. तो भराव वर मजला पेलत नव्हता, उलट दर वर्षी खचत होता, आणि भरतीचं पाणी घराघरांत शिरू लागलं होतं. विजेचा धक्का बसून माणसं मरायला लागली, तेव्हा कुठे प्रयोगशाळेने नियमयंत्र तयार केलं. दर पावसाळ्याआधी ते प्रत्येक घराच्या भिंतीवर दोन रेषा ठरवी. पाणी चढेल ती पाणरेषा, आणि माणसाचा हात पोचेल ती हातरेषा. प्लग आणि बटणं या दोन रेषांच्या मधेच हवीत. तशी नसली तर भिंतीत बसवलेला वीजराखा त्या बोर्डाला प्रवाहच सोडत नसे. यंत्राचा कर्ता शशांक टिल्लू म्हणे, हातावरच्या रेषांनी आजवर कुणाचं भलं झालं नाही, आता भिंतीवरच्या रेषांना संधी देऊ.

नियमाच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘घरात राहणाऱ्या एकाचा तरी हात बटणाला पोचावा.’ त्यावरून वीज-अभियंता चारुशीला घरत कडाडून भांडली. तिचे बाबा, धाकू घरत, एके काळी खाडीत होडी चालवायचे. आता कमरेखाली लुळे, जमिनीवर बसून हातांवर सरकणारे. मुलगी कामावर गेली की दिवसभर एकटे. पण हट्ट एकच, की माझी बत्ती मीच लावणार. हाक मारून दिवा लावून घेणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. ‘एकाचा तरी’ म्हटलं की चारुशीलाचा हात पोचला, नियम पाळला गेला, आणि म्हातारा बसला अंधारात! तिने भांडून ‘प्रत्येकाचा’ असा शब्द घालून घेतला. त्या संध्याकाळी घरी जिलेबी आली.

पाणरेषा मात्र चढत गेली. फरशी उंच करून पाहिली, तर ती भरावासकट पुन्हा खाली बसली. चारुशीलाला त्याची फारशी चिंता नव्हती, कारण तिचा एक हिशेब होता. कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, नियम पाळणं अशक्य झालं तर सरकारने वस्तीला टेकडीवर नवी घरं बांधून द्यायची. पाणरेषा बाबांच्या हातरेषेच्या वर गेली की मधे जागाच उरणार नाही, यंत्र अडेल, आणि घरं मिळतील. बाबांना तिने टेकडीवरची हवासुद्धा वर्णन करून सांगितली होती.

त्या वर्षी पाणरेषा थेट छतापाशी गेली, बाबांच्याच काय, चारुशीलाच्याही हातरेषेच्या वर. यंत्र अडलं नाही. सागरपाड्यातल्या एकूण एक घरासमोर ‘नियम पूर्ण’ असं उमटलं, आणि शेजारी ‘राहण्यास अयोग्य, रहिवासी रद्द’. घर अयोग्य ठरवायचा अधिकार यंत्राला आपणच दिला होता, याची कुणाला आठवणही नव्हती.

चारुशीला तडक टिल्लूच्या टेबलाशी गेली. यंत्र बिघडलंय, असं तिचं म्हणणं होतं. टिल्लूने खुर्ची पुढे सरकवली. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“रिकाम्या घरात प्रत्येक राहणाऱ्याचा हात पोचतो का?” त्याने विचारलं.

“राहणाराच नाही, तर पोचेल कुणाचा?”

“मग ज्याचा पोचत नाही असा एक तरी दाखव.”

तिने रहिवाशांची यादी खालपर्यंत चाळली. प्रत्येक नावापुढे ‘रद्द’ होतं.

“म्हणजे नियम पाळला गेला,” टिल्लू म्हणाला. “आणि पाळला गेला, म्हणून नवी घरं नाहीत. यंत्राची चूक नाही गं.”

“आणि पहिला मसुदा?”

टिल्लूने जुना मसुदा काढून तिच्यासमोर ठेवला. मग म्हणाला, “‘एकाचा तरी’ म्हटलं की घरात तो एक माणूस लागतोच. तेव्हा घर रिकामं करता आलं नसतं. यंत्र अडलंच असतं.”

चारुशीलाला रडू आलं नाही. बाबांसाठी भांडून मिळवलेल्या त्या शब्दाचा आणि स्वतःचा तिला भयंकर संताप आला. तिने दाद मागितली, वरपर्यंत गेली. सगळ्यांचं उत्तर एकच, कुठला नियम मोडलाय ते सांगा.

घरं खाली करायच्या दिवशी कामगारांनी पाणरेषेप्रमाणे बोर्ड छताला लागून बसवले. टेम्पो दारात उभा होता. कुठे जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आधी निघा एवढंच म्हणाले. तिने बाबांना उचलून टेम्पोत बसवलं, तसं यंत्रातून घरतांचं नाव पुसलं गेलं, आणि वीजराख्याने त्या घराला प्रवाह सोडला. बटण कामगारांनी चालूच ठेवलं होतं. रिकाम्या खोलीत दिवा लागला.

“चारू, भर दुपारी बत्ती जळतेय बघ,” बाबा म्हणाले. “बंद करून ये. नायतर मला खाली उतरव, मी करतो.”

तुम्ही बसा, म्हणून ती आत गेली. पाण्यात टाचा उंचावून उभी राहिली, भिंतीला धरून हात ताणला. बोटं बटणाच्या बरीच खाली राहिली. बाहेरून बाबांनी पुन्हा विचारलं, झाली का बंद. हो म्हणावं, तर त्यांना दारातून उजेड दिसत होता.