सदतीसचा चौकोन

मे महिन्यात गंगाराम मास्तरांकडे एका पत्र्याचा नकाशा आला. मास्तर तंत्रनिकेतनात शिकवायचे. रत्नागिरीबाहेरच्या एका कारखान्यात आमरसाच्या कढया ठेवायला दहा फुटी लोखंडी पत्रा बसवला होता, खाली भट्टी. तापल्यावर पत्र्यावर किती ताण येईल ते काढून मास्तरांनी सही द्यायची होती. त्या पत्र्याशी चिमा आणि आणखी सात बायका दिवसभर उभ्या राहणार होत्या.

पद्धत सोपी, पण चिकाटीची. नकाशावर चौकोन पाडायचे. कडेच्या चौकोनांचं तापमान ठरलेलं, ते बदलायचं नाही. आतल्या प्रत्येकात शेजारच्या चौघांची सरासरी लिहायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आकडे हलायचे थांबले की उत्तर आलं. वीस वर्षं मास्तरांची बायको कमळा आकडे वाचायची, मास्तर सरासरी लिहायचे. शिमग्यात कमळा वारली. आता वाचणारेही तेच, लिहिणारेही तेच.

बेचाळिसाव्या चौकोनात एकशे चाळीस अंश आलं. पुढच्या फेरीला तिथे सदतीस होतं. अक्षर मास्तरांचंच. त्यांनी खोडलं. पाच फेऱ्या झाल्या, पाचही वेळा सदतीस.

ते खरं असेल तर भोवतीचा तापलेला पत्रा पसरू पाहणार, तो चौकोन अडवणार आणि तिथे तडा जाणार.

सकाळी ते कारखान्यात गेले. मुकादम भिकाजीने चाचणीसाठी भट्टी पेटवलेलीच होती. आंबा येऊन पडला, सही कधी देणार, म्हणून तो कुरकुरला. मास्तरांनी पत्र्यावर काट्याचा थर्मामीटर टेकवला. एकशे अडतीस. एकशे एक्केचाळीस. बेचाळिसाव्या जागी सदतीस.

"काटा बिघडलाय तुमचा," भिकाजी म्हणाला. "आता लोखंडाला शिकवताय काय, मास्तर?"

त्याने पाणी शिंपडलं. सगळीकडे चर्र झालं. त्या जागी थेंब तसाच राहिला.

मास्तरांनी तिथे तळवा ठेवला. ऊब माणसाच्या अंगाची होती, ओळखीची.

आग काढली की ती ऊबही जाणार. पण तडा जाणाऱ्या पत्र्यासमोर चिमा उभी होती.

"आग काढ," मास्तर म्हणाले.

दुपारपर्यंत पत्रा निवून बत्तिसावर आला. ती जागा निवली नाही. शेजारच्या चौकोनातही आता सदतीस होतं. मग त्याच्या शेजारच्यातही.

मास्तर काटा टेकवत गेले, भिकाजी खडूने रेघ ओढत गेला. रेघ जुळली. कुणीतरी गुडघे दुमडून कुशीवर निजावं तसा आकार झाला होता.

भिकाजीने चिमाला बाहेर पाठवलं.

आकाराशेजारी एका माणसापुरता पत्रा मोकळा होता. मास्तरांनी तिथे काटा टेकवला.

चौतीस. मग पस्तीस.