अर्धी मिटलेली झडप

आधी काळा धूर आला, मग गाडी, आणि मग तो उतरला.

अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माधवनगरचं आमचं गॅरेज मी बघत होते. एरवी मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्याचं नाव शिवतेज. रहिमतपूरहून दर मंगळवारी तो जुन्या पेट्रोल पिकअपमधून सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणायचा.

"मिस्त्री कुठं हायत?"

"मीच."

त्याने माझ्या हातातला पाना पाहिला, मग मला... आणि मुकाट्याने बॉनेट उघडलं.

प्लग काजळीने काळे झाले होते. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त, हवा कमी. कारणं तीन-चार असू शकतात. सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा माझा नियम मी त्याला सांगितला. "मग लय वेळा यावं लागंल की," तो म्हणाला. त्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पहिल्या मंगळवारी एअर फिल्टर बदलला. दुसऱ्या मंगळवारी कार्बोरेटरचा फ्लोट. धूर तसाच. तिसऱ्या मंगळवारी गाडी चालवून बघायला आम्ही तासगाव रस्त्याला गेलो. सीटवरची पिवळी भुकटी माझ्या ओढणीला लागली.

"हळद लागली तुमाला, मॅडम," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून गिअर चुकला.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ओढणी मात्र झटकली नाही.

चौथ्या मंगळवारी दोष सापडला. थंड इंजिन सुरू करताना चोक ओढतात, तेव्हा हवेची झडप मिटते. इंजिन तापल्यावर ती पूर्ण उघडायला हवी. चोकची वायर गंजली होती, झडप अर्धीच उघडत होती. माझं बोट त्या झडपेवर होतं तेव्हा तो बॉनेटच्या पलीकडून हळूच म्हणाला, "रविवारी आई पोरगी बघायला चला म्हणती... मी अजून व्हय म्हटलं न्हाई. दोष आणखी थोडे दिवस न्हाई घावला, तरी चालंल मला."

तो काय विचारत होता, ते मला कळलं होतं. माझं उत्तरही मला माहीत होतं. पण आधी गाडी, मग ते, असं मी ठरवलं. एका वेळी एकच.

"सापडला," मी म्हणाले. "चोकची वायर."

मग दहा मिनिटं मी ते अगदी बिनचूक समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी वायर बदलली, त्याने गाडी सुरू केली. धूर नव्हता.

"निघू?" स्टिअरिंगवर हात ठेवून तो थांबला.

पुढच्या मंगळवारी बोलू, असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणाले, "निघा."

पुढच्या मंगळवारी त्याला थांबायला कारण नव्हतं, हे मला तो मंगळवार आल्यावरच कळलं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या इंजिनात मान घालून होते. त्याची गाडी समोरून गेलीही असेल. पूर्वी मान वर न करताही, धुराच्या वासावरून मी ती ओळखायचे... आता तिला धूर येत नाही.

तो मीच बंद केला.